एकाच मातीत

नोव्हेंबर उजाडला की आपली पावले दफनभूमीकडे वळतात. आप्तांच्या कबरी आपण स्वच्छ करतो, मेणबत्त्या लावतो, त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतो. परंतु आपल्या या प्रार्थनेचाच ज्यांनी धिक्कार केला, त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करावी काय? एडिनबरा येथील ग्रेफ्रायर्स ख्रिस्तमंदिराचा इतिहास वाचताना हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

ग्रेफ्रायर्स म्हणजे करड्या झग्यातील बंधू, संत फ्रान्सिस असिसीकरांचे अनुयायी. येथे त्यांचा मठ होता. धर्मसुधारणेच्या वादळात तो उद्ध्वस्त झाला आणि १५६२ मध्ये कॅथलिक राणी मेरी हिने मठाची जागा नगराला दफनासाठी दिली. पुढे तेथे प्रॉटेस्टंट मंदिर उभे राहिले. १६३८ मध्ये त्याच मंदिरात राष्ट्रीय करारनाम्यावर सह्या झाल्या. राजाने लादलेल्या उपासनाविधीला त्यात विरोध होता; तसाच पोपमहोदयांचा अधिकार, शुद्धिस्थान व मृतांसाठी प्रार्थना यांचा निषेधही होता.

पुढे छळ या करारवाद्यांच्याच वाट्याला आला. १६७९ मध्ये बॉथवेल ब्रिजच्या लढाईत हरलेल्या सुमारे १,२०० जणांना या दफनभूमीलगतच्या उघड्या आवारात कोंडण्यात आले. काही शपथ देऊन सुटले. दोनशेहून अधिक कैद्यांना हद्दपारीच्या जहाजात घातले. ते ऑर्कनी बेटांजवळ फुटले आणि बहुतेकांना जलसमाधी मिळाली. करारवाद्यांवर कठोरपणे खटले चालविणारे राजाचे मुख्य वकील सर जॉर्ज मॅकेंझी १६९१ मध्ये वारले. त्यांची भव्य समाधी याच दफनभूमीत आहे आणि हुतात्म्यांचे स्मारकही येथेच आहे!

माती एक झाली म्हणून अन्याय पुसला जात नाही. छळणारा आणि छळ सोसणारा यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे क्षमा नव्हे. म्हणून ते स्मारक राहिलेच पाहिजे. पण आपले हात तरी निष्कलंक आहेत काय? १५२८ मध्ये सेंट अँड्र्यूज येथे पॅट्रिक हॅमिल्टन यांना जिवंत जाळण्याचा निवाडा कॅथलिक धर्माधिकाऱ्यांनीच दिला होता. सत्ता ज्याच्या हाती आली, त्याला परमेश्वराचा न्याय आपल्याच हाती आल्यासारखे वाटले.

मृतांसाठीची प्रार्थना हे आपल्या बाजूच्या माणसांना दिलेले बक्षीस नव्हे. न्याय परमेश्वराचा आहे, हे मान्य करून टेकलेले ते गुडघे आहेत. म्हणून या नोव्हेंबरात आप्तांच्या कबरीवर मेणबत्ती लावून झाल्यावर आणखी एक लावू या. आपल्याशी वैर धरून गेलेल्यासाठी, आणि ज्याच्याशी आपण वैर धरले त्याच्यासाठीही.