पूररेषा आणि दैव

पूर आला की ‘दैवापुढे कुणाचं चालतं?’ म्हणून आपण मोकळे होतो. गीतेच्या 18 व्या अध्यायात मात्र कर्माची पाच कारणं सांगितली आहेत आणि दैव त्यांत पाचवं आहे. आधीच्या चारांची, म्हणजे जागा, कर्ता, साधनं आणि प्रयत्न यांची झडती घेतल्याशिवाय पाचव्याकडे बोट दाखवू नये, असा मी त्याचा अर्थ घेतो. राज्याचा जलसंपदा विभाग 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतो. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हटलं की जीव भांड्यात पडतो; पण त्याचा अर्थ दरवर्षी 1 टक्का शक्यता. 30 वर्षं गृहकर्ज फेडणाऱ्यासाठी ती सुमारे 26 टक्के होते, निळ्या रेषेवरच्या घरासाठी 70 टक्क्यांच्या वर. एवढं ठाऊक असताना पुराला निव्वळ अस्मानी म्हणणं मला पटत नाही.

शक्यता अशी मोजता येत असली, तरी आपल्याकडे घराच्या विम्याचा हप्ता अजून पूररेषेला बांधलेला नाही. 1 एप्रिल 2021 पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पूर धरलेलाच आहे. अमेरिकेत मात्र पुराचा नकाशा बदलला की विम्याची सक्तीही बदलते. इथेही विमा पूररेषेशी जोडला, तर छत्रपती संभाजीनगरात खाम नदीकाठच्या घराचा भार नदीपासून लांबच्या पुंडलिकनगरातल्या माणसाने का उचलावा, असं विचारलं जाईल. प्रश्न रास्त आहे. ज्याने रेषा पाहून घर घेतलं, त्याने जास्त हप्ता भरावा. पण याच शहरात गुंठेवारीचे कितीतरी प्लॉट बाँडवर विकले गेले; त्या कागदावर चतुःसीमा होत्या, पूररेषा नव्हती. न दाखवलेल्या रेषेचं फळ त्या माणसाच्या कर्मात कसं मोजायचं? चिपळूणला 22 जुलै 2021 च्या पुरानंतर रेषा आल्या, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांची बाजारपेठ आत सापडली आणि लोकांनी हरकती घेतल्या. रेषा पुसा, ही मागणी चूक. पुराला ती ऐकू जात नाही. भार वाटून घ्या, ही मागणी मात्र न्यायाची आहे. अशाने लोक नदीपात्रातच घरं बांधतील, ही भीतीही खोटी नाही. त्यावर ब्रिटनने 2016 मध्ये तोड काढली: जुन्या घरांचा पूरविम्याचा भार सर्व घरविमेदारांत वाटला, पण 1 जानेवारी 2009 पासून बांधलेल्या घरांना त्यातून वगळलं. आपणही तेच करावं, आणि त्याआधी प्रत्येक खरेदीखतावर निळी-लाल रेषा छापणं शासनाने सक्तीचं करावं.