सेवेकऱ्याचा वाटा



पुण्याच्या मार्केट यार्डात, गुलटेकडीच्या भुसार बाजारात, मालाचा ट्रक रिकामा होताना आपण पाहिला असेल. हमाल कितीही बळकट असो, भरलेले पोते त्याच्या पाठीवर चढते ते दुसऱ्याने हात दिला म्हणून. ओझे वाहणारा एकच असतो; परंतु ते नीट पाठीवर यावे यासाठी सोबत्याची गरज असते.

आता अशाच एखाद्या कष्टकऱ्याच्या घराचा विचार करा. वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळले आहेत. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. मुलगा रात्र जागून पहाटे कामावर जातो. दिवसभर सून भरविते, धुते, पुसते. या घरात हात देणारा सोबती कोण?

आपण अशा घराला बहुधा उपदेशच देतो. सूरह बनी इस्राईलची 23वी आयत ऐकवितो, जिच्यात वृद्ध माता-पित्यांपुढे ‘उफ्’ असा शब्दही काढण्यास अल्लाहने मनाई केली आहे. ही आज्ञा अटळ आहे. परंतु ज्याच्या तोंडून तो शब्द निसटतो, त्याचे मन नेहमीच कठोर असते असे नाही. कित्येकदा तो तिसऱ्या रात्रीच्या जागरणाचा थकवा असतो. मानवाचा निर्माता हे जाणतो. म्हणूनच दोन आयतींनंतर, 25व्या आयतीत, तुमच्या अंतःकरणात काय आहे ते तुमचा पालनकर्ता जाणतो आणि परतून येणाऱ्यांना तो क्षमा करतो, असा दिलासा आहे. अनेक भाष्यकारांनी तो माता-पित्यांशी अनवधानाने झालेल्या चुकीशी जोडला आहे. अल्लाह ज्याला दिलासा देतो, त्याला आपण केवळ बोल लावावेत काय?

हिजरी सन 2 मधील बद्रच्या प्रसंगाचे स्मरण करा. हजरत उस्मान (रजि.) त्या लढाईत नव्हते. त्यांच्या पत्नी, प्रेषितकन्या हजरत रुकय्या (रजि.), अतिशय आजारी होत्या आणि त्यांच्या शुश्रूषेसाठी प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच त्यांना मदीनेत थांबविले. सहीह बुखारीतील हदीसनुसार, बद्रमध्ये हजर राहणाऱ्याइतके पुण्य आणि वाटाही प्रेषितांनी त्यांना दिला. ती सेवा पत्नीची होती, वृद्ध पित्याची नव्हती. तरीही बोध स्पष्ट आहे. रुग्णाच्या उशाशी बसलेला मनुष्य समाजकार्यातून गैरहजर मानला गेला नाही. समाजाच्या प्राप्तीत त्याचा हक्काचा वाटा ठरला.

आज आपल्या मोहल्ल्यात हा वाटा कोणता असावा? पहिला वाटा विश्रांतीचा. मशिदीच्या समितीने अशा घरांची नोंद ठेवावी आणि आठवड्यातून दोन तास पुरुषांजवळ पुरुषांनी, स्त्रियांजवळ स्त्रियांनी बसावे. दुसरा वाटा साधनांचा. चाकांची खुर्ची, हवेची गादी, रुग्णाची खाट या वस्तू एका घराची गरज संपताच दुसऱ्या घरी जाव्यात. तिसरा वाटा माहितीचा. 70 वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेचे कार्ड मिळते, आणि ज्येष्ठांसाठी 14567 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. ज्याला घराबाहेर पडता येत नाही, त्याचे अर्ज शिकलेल्या तरुणांनी भरून द्यावेत. आणि शेजारी कोणत्याही धर्माचा असो, शेजाऱ्याचा हक्क त्यालाही आहे.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. आई-वडिलांची सेवा हे मुला-मुलींचे कर्तव्य आहे. सून जे करते, तो अनेक विद्वानांच्या मते तिचा उपकार आहे. उपकाराला कर्तव्य म्हणून तिच्यावर लादणे आणि मुलाने त्यातून मोकळे होणे, हा अन्याय आहे. पुत्राने स्वतः बाही वर सारावी. आणि सुनेचे निदान आभार तरी मानावेत.

हे अशक्य आहे असे म्हणू नका. याच शहरातील हमाल पंचायतीने 1974 साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. कष्टकऱ्याला स्वस्तात पोटभर जेवण मिळावे, ही चिंता त्याच्या एकट्याची राहिली नाही. पाठीवर ओझे वाहणाऱ्यांच्या संघटनेने भुकेसाठी जे केले, ते पाच वेळा एका सफेत उभे राहणाऱ्यांना थकव्यासाठी करता येणार नाही काय?

येत्या जुम्याला नमाज आटोपल्यावर पाहा, सफेतला कोणता चेहरा कित्येक आठवड्यांपासून दिसत नाही. ‘तो हल्ली मशिदीत येत नाही’ असे म्हणण्यापूर्वी त्याच्या दारावर थाप द्या आणि म्हणा, “दोन तास मी बसतो, भाई, तुम्ही झोपून घ्या.”

अल्लाह आपल्या वृद्धांवर दया करो, त्यांची सेवा करणाऱ्यांना बळ देवो आणि आपणांस त्यांचे सोबती होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.