चौथा चाकर

गेल्या महिन्यात अवसरी बुद्रुकला एका घरी संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी आम्ही काही जण जमलो होतो. प्रार्थना आटोपली, चहा आला आणि घरच्या वहिनींनी मनातली गोष्ट काढली. त्यांची मुलगी सातवीत आहे, मंचरला शाळेत जाते, मिस्सेच्या वेळी गायकवृंदात कीबोर्ड वाजवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला मावशीकडे राहून ती पियानो शिकली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पोरीचा कान पक्का आहे, हिला दर शनिवारी पाठवा आणि घरी रोज दोन तास तरी बसवा. वहिनींचा प्रश्न साधा होता : "एवढं सगळं करून पुढं काय?"

कोपऱ्यात बसलेला मुलीचा चुलता म्हणाला, "पुढं काय ते मला विचारा." हा मुलगा एम.पी.एस.सी.साठी सहा वर्षे पुण्यात राहिला. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला, थोडक्या गुणांनी राहिला. आता घरच्या रानात कांदा-बटाटा करतो. "माझी सहा वर्षं गेली, आता हिची घालवू नका," एवढे बोलून तो कपबशा उचलायला उठला.

आम्हांला तेव्हा काही सुचले नाही. घरी परतताना आणि नंतरही तो प्रश्न आमच्या मागे लागला आहे.

पियानोवादकाचे शिक्षण म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिलेले नसते. वाद्याला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. दोन्ही हातांना वेगवेगळे काम, तेही एकाच वेळी. पाचव्या-सहाव्या वर्षी सुरुवात केलेली बरी, असे जाणकार सांगतात. लंडनच्या मंडळांच्या परीक्षा आपल्याकडेही होतात. त्यांची आठवी इयत्ता पार झाली की लोक पेढे वाटतात, पण मैफलीच्या वादकाचे खरे शिक्षण तिथून पुढे असते. मग संगीत महाविद्यालयातली वर्षे, रोजचे पाच-सहा तास, अवघड चार ओळी शंभर वेळा, आणि शेवटी अर्ध्या-पाऊण तासाची रचना कागद न बघता वाजवायची. हे सगळे एकट्याने, बंद खोलीत. क्रिकेटच्या सरावात निदान सोबत असते.

आणि एवढे करून पोहोचतात किती? वॉर्सा शहरात १९२७ पासून शोपँच्या नावाची स्पर्धा भरते, साधारणतः दर पाच वर्षांनी. २०२५ साली तिच्यासाठी सहाशेच्या वर अर्ज आले. अंतिम फेरीत वाजवायला मिळाले अकरा जणांना. अर्ज करणारे सगळेच लहानपणापासून घासलेले, आपापल्या गावचे नावाजलेले. पोहोचणारे आपल्याकडेही आहेत. मुंबईचे फली पावरी मॉस्कोला आणि लंडनला शिकले, विद्यार्थी असतानाच रोस्त्रोपोविच या थोर चेलोवादकाने त्यांना भारताच्या दौऱ्यात साथीला घेतले, आणि पुढे ते स्कॉटलंडमध्ये पियानोचे प्राध्यापक झाले. असे नाव सांगितले की पालकांचे डोळे चमकतात. आम्हांला मात्र न पोहोचलेल्यांविषयी बोलायचे आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानातला तालान्तांचा दाखला आपण दरवेळी या विषयाला जोडतो. धनी तीन चाकरांना पैसे देऊन परदेशी जातो. दोघे व्यापार करून दुप्पट करतात, तिसरा भिऊन जमिनीत पुरून ठेवतो. आपण मुलांना सांगतो, पुरून ठेवू नका. पण ज्याने पैसे बाहेर काढले, प्रामाणिकपणे व्यापार केला आणि तो बुडाला, असा चौथा चाकर त्या दाखल्यात नाहीच. आपल्या गावांतून मात्र तोच जास्त भेटतो. धनी परत आल्यावर त्याला काय म्हणाला असता?

अशा वेळी एक स्वस्त सांत्वन तयार असते. संगीताने शिस्त लागते, एकाग्रता वाढते, गणित सुधारते, म्हणून काहीच वाया जात नाही. आम्हांला हे पटत नाही. गणित सुधारायचे असेल तर गणित करावे. त्या चुलत्याला जमिनीचे कायदे आता पाठ आहेत, गावातले लोक अर्ज लिहून घ्यायला त्याच्याकडे येतात. पण त्यासाठी तो सहा वर्षे एका खोलीत पाच जणांबरोबर राहिला नव्हता. त्याचे जे गेले ते गेले, हे मान्य करण्यात त्याचा मान आहे.

तरी पियानो आणि स्पर्धा परीक्षा यांत एक फरक आम्हांला दिसतो. परीक्षेचा अभ्यास पदासाठी असतो. पद मिळाले नाही तर पुस्तके बांधून माळ्यावर जातात. मुलीने परवाच्या रविवारी वाजवलेले गीत मात्र त्या रविवारी पूर्ण झाले. ती पुढे कोण होते यावर ते अवलंबून नव्हते. गोव्यात शतकानुशतके चर्चच्या शाळांतून मेस्तांनी गावच्या पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले. त्यांतले बहुतेक मोठ्या रंगमंचावर कधी गेले नाहीत. ते फेस्ताच्या बँडमध्ये, गायकवृंदात, पुढे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवत राहिले.

त्यांतलेच एक माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. त्यांनी १९५८ साली मुंबईत 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला, भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणले. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. तो उपक्रम टिकला नाही. पुढे ते अमेरिकेला गेले, परत येऊन गावी राहिले, २०१२ साली वारले. लोकांना त्यांचे नाव माहीत आहे ते १९७७ च्या एका विनोदी सिनेगीतामुळे. पण त्या गाण्याच्या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकले होते. गोन्साल्विस यांचा व्यापार बुडाला की वाढला? आम्हांला हिशेब लावता येत नाही.

आणखी एक गोष्ट त्या संध्याकाळी आमच्या उशिरा लक्षात आली. आई बोलली, चुलता बोलला, आम्ही माना डोलावल्या. मुलीला कोणी विचारलेच नव्हते. बारा वर्षांच्या मुलीला वीस वर्षांनंतरचे दिसत नाही, हे खरे. पण म्हणून तिच्या वतीने आपण स्वप्न बघावे आणि तिने सरावाच्या तासांनी ते फेडावे, हेही बरोबर नाही. मूल थांबतो म्हणाले तर थांबता आले पाहिजे, आणि थांबल्यावर आयुष्यभर खर्चाचा आकडा ऐकावा लागू नये. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे. आपल्या घरांतून तो आकडा जेवताना हमखास निघतो.

निघताना आम्ही तिला विचारले, तुला काय वाटते? ती म्हणाली, शेवटच्या धड्यात तिचा डावा हात एका जागी अडतो, तेवढे सुटले पाहिजे. पुढचे ती काहीच बोलली नाही.

परवा वहिनी मिस्सेनंतर भेटल्या. शिकवणी सुरू झाली आहे, वर्षभरासाठी, मग पुन्हा विचारू म्हणाल्या. दर शनिवारी सकाळी मंचरहून एस.टी.ने तिला कोण घेऊन जाते असे विचारले, तर म्हणाल्या, चुलता. पुण्यातले रस्ते त्याला पाठ आहेत. शिकवणी होईपर्यंत तो बाहेर पायरीवर बसून राहतो.