फिरती काच

इंदूरच्या रामबागेत एका जुन्या वाड्यात एक आत्या महेश्वरी साड्या विकते. दुकान नाही. दिवाणखान्यातला पलंग, त्यावर पांढरी चादर आणि चादरीवर उलगडलेला माल. महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटरवर. आत्या स्वतः जाऊन विणकरांच्या घरून साड्या निवडून आणते. पूर्वी गिऱ्हाईक घरी येई, साडी हातात घेई, उजेडाला धरून बघे. आता पुण्या-नागपूरच्या बायका फोनवर फोटो बघतात आणि मागवतात. फोटो काढायचं काम भाचीचं.

भाचीला वाढदिवसाला मैत्रिणींनी एक डबी दिली. फोनच्या भिंगावर लावायचा चिमटा आणि त्यात बसणाऱ्या चार काचा. एका काचेतून सराफ्यातला रात्रीचा प्रत्येक दिवा तारा होऊन चमके. एक काळसर, एक केशरी. चौथी काच कड्यात गोल फिरायची, पोलरायझर. ती लावून भाचीनं साडीचा फोटो काढला आणि हरखली. खिडकीतून येणारी पांढुरकी तिरीप गेली, रंग गडद झाला, किनारीची वीण न् वीण उठून दिसली. आत्यानंही फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "अगं, किती छान! सगळ्याच अशा काढ."

फोटो गेले, मागण्या आल्या. त्यातली एक अंजिरी साडी पुण्याहून परत आली. सोबत संदेश होता: ताई, फोटोत शांत अंजिरी होती, आली ती गुलाबी झाक मारणारी. मला ही नको होती.

महेश्वरीबद्दल इथे थोडं सांगायलाच हवं. अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात महेश्वरला राजधानी नेली आणि विणकर आणून वसवले. किल्ल्याच्या दगडातली नक्षी पुढे साड्यांच्या किनारींत उतरली. चटई, ईंट, हिरा अशी तिची नावं आजही चालतात. नेहमीच्या महेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. सूत रंग धरून ठेवतं, रेशीम उजेड परतवतं. त्या अंजिरी साडीचा ताणा गुलाबी आणि बाणा जांभळा होता. समोरून एक रंग, कललं की दुसरा. विणकरानं मुद्दाम साधलेली गंमत ती हीच, आणि ती उजेडातच राहते.

भाचीला काही उमगेना. "आजोबा, रंगाशी मी काहीच केलं नाही हो. नुसती काच लावली."

आजोबांचं सगळं आयुष्य एका स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत गेलेलं. त्यांनी काच मागून घेतली आणि भिंतीवरच्या अहिल्याबाईंच्या तसबिरीकडे बाजूनं, तिरकं बघत ती हळूहळू फिरवली. मग तिला दिली. "बघ आता."

तसबिरीच्या काचेवर खिडकी पडली होती, गज आणि बाहेरच्या कडुनिंबासकट. भाची कडं फिरवत गेली तशी खिडकी विरत गेली आणि मागचा चेहरा, हातातली पिंडी स्पष्ट झाली. आणखी पाव फेरा फिरवला, खिडकी परत आली.

"आता हा तांब्या बघ."

पितळेवरची चमक मात्र काच कितीही फिरवली तरी हटेना.

"काचेवरून, पाण्यावरून, रेशमावरून तिरका परतणारा उजेड ही अडवते," आजोबा म्हणाले. "धातूवरचा तिला अडवता येत नाही. म्हणून तुझ्या फोटोत जरीची चमक तशीच राहिली आणि रेशीम विझलं. शिवाय अर्ध्याहून जास्त उजेड ही काच स्वतःच खाते. काय खाल्लं ते फोटो सांगत नाही, ते काढणाऱ्याला ठाऊक असावं लागतं."

मग ते त्यांच्या आवडत्या विषयावर आले. राजा दीनदयाळ याच इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला होते. 1874 च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला, इथल्या तुकोजीराव महाराजांचा आश्रय मिळाला आणि पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. "त्या काळच्या प्लेटला निळा उजेड फार दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. आकाश पांढरंफटक येई, लाल पगडी काळी. त्या लोकांना पर्याय नव्हता. आम्ही पिवळी काच लावून आकाश गडद करायचो. पण कुठली काच काय करते, याचा हिशेब प्रत्येक वेळी मनात मांडूनच."

त्या दिवसापासून भाची प्रत्येक साडीचे दोन फोटो काढू लागली. एक काच लावून, वीण आणि किनार दिसण्यासाठी. एक काच काढून, साडी थोडी कलती धरून, झळाळी दिसण्यासाठी. साड्या परत येईनाशा झाल्या.

दिवाळीच्या तोंडावर एक मोरपंखी साडी निघाली. नागपूरच्या एका बाईंनी तिचीच चौकशी केली होती. भाचीनं साधा फोटो काढला, साडी नुसती झळकत होती. मग चिमटा लावला, कडं फिरवलं, झळाळी ओसरली आणि किनारीपासून वितीभर आत एक डाग वर आला. मागाच्या तेलाचा असावा, सुपारीएवढा. जवळून टिपायला गेली तर डाग पुन्हा गायब! फोन आपोआप शेजारच्या भिंगावर गेला होता आणि तिथे काच नव्हती. ती हातभर मागे सरली, पहिल्या भिंगातून नीट फोटो घेतला आणि दोन्ही आत्यासमोर धरले.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. साडी महागाची होती आणि अंजिरीच्या येण्याजाण्याचा खर्च तिनंच सोसला होता.

"साधा तेवढा पाठव," ती शेवटी म्हणाली. "त्यात खोटं काय आहे? काच नाही, काही नाही. जशी आहे तशी साडी."

"आत्या, डाग मला दिसला नसता तर पाठवला असता."

"डोळ्यांना सहज दिसतही नाही गं."

"पण आता तुलाही माहीत आहे, मलाही."

आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. आत्या साडीपाशी गेली. बोटानं डागाची जागा शोधली, कापड खिडकीकडे वळवलं, परत फिरवलं. एका अंगानं काही नव्हतं, दुसऱ्या अंगानं डाग होता.

"दोन्ही पाठव," ती म्हणाली. "आणि किंमत कमी करून लिही. डाग कुठे आहे तेही लिही, किनारीपासून किती आत आणि पदरापासून किती लांब."

भाचीनं लिहिलं. दुपार गेली, उत्तर आलं नाही. आत्यानं मोरपंखी साडी बाजूला ठेवून बाकीच्या लावल्या. दिवेलागणीला फोन वाजला. बाईंनी मोजून पाहिलं होतं: "ताई, तेवढं निऱ्यांत जातं. महेश्वरीची किनार दोन्ही बाजूंनी सारखी, तशी वेळ आली तर उलटीही नेसेन. पाठवा."

भाची साडीची घडी घालू लागली. हाताच्या सवयीनं झळाळता भाग वर आला होता. आत्यानं घडी तिच्या हातातून घेतली, पूर्ण उलगडली आणि डाग सगळ्यांत वर येईल अशी पुन्हा घातली. "पार्सल उघडल्यावर त्यांना आधी हे दिसू दे," ती म्हणाली आणि पत्ता लिहायला पेन शोधू लागली.