सेवेचा हिशेब: दान की ऋणफेड?

नोकरीभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिलेला माणूस निवृत्त होतो आणि देवस्थानाचा, वाचनालयाचा किंवा गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार होतो. घरी तो नातवंडांचा अभ्यास घेतो, म्हाताऱ्या बहिणीची बँकेची कामे पाहतो आणि संध्याकाळी संस्थेची पावतीपुस्तके व रोजमेळ पडताळतो. त्याच्या शोकसभेत ‘निःस्वार्थी’ हे विशेषण ठरलेले असते. त्या विशेषणामागे मात्र एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. अशी सेवा हे दान मानायचे की ऋणफेड? दान असेल, तर ती न करण्याची त्याला मुभा होती. ऋणफेड असेल, तर तिचे कौतुक कशासाठी?

भारतीय परंपरेने ऋणाची बाजू फार पूर्वी मांडली. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. ती अनुक्रमे ब्रह्मचर्याने, यज्ञाने आणि संततीने फिटतात. शतपथ ब्राह्मण हे तत्त्व जन्मलेल्या प्रत्येकाला लावते आणि त्यात मनुष्यऋणाची भर घालते. माणसांना आसरा आणि अन्न देऊन ते फेडायचे असते. कुटुंब आणि समाज या दोन्हींची कर्तव्ये अशा रीतीने एकाच यादीत येतात.

या ऋणांचा व्यवहार सावकारी कर्जाहून वेगळा आहे. पितरांचे ऋण पुढची पिढी वाढवून फिटते. मनुष्यऋण ज्याच्याकडून काही मिळाले त्यालाच परत करायचे नसते. ते दारी आलेल्या कोणालाही देता येते. धनको एक आणि प्रत्यक्ष घेणारा दुसरा, अशी ही रचना आहे. म्हणून एकच कृती देणाऱ्याच्या बाजूने ऋणफेड ठरते, तर घेणाऱ्याच्या बाजूने दान. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातील सात्त्विक दानाच्या लक्षणात या दोन्ही बाजू एकत्र येतात: द्यायला हवे म्हणून द्यावे आणि ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही त्याला द्यावे.

पुढचा प्रश्न मुदतीचा. मनुस्मृतीनुसार अंगावर सुरकुत्या आणि डोक्यावर पिकलेले केस दिसू लागले, नातवंडाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने वनाची वाट धरावी. तीन ऋणे फिटल्यावर मन मोक्षाकडे लावावे. या मताप्रमाणे उतारवयात संसाराचा ताळेबंद मिटतो. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी वेगळी भूमिका घेतली. ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी निष्काम बुद्धीने कर्म करीत राहावे, हेच गीतेचे तात्पर्य, असे त्यांनी प्रतिपादले. निवृत्त माणसाच्या समाजकार्याला या विचारात भक्कम आधार मिळतो. पगार थांबला तरी कर्तव्य थांबत नाही.

हिशेबी वृत्ती आणि निरपेक्ष सेवा एका माणसात नांदू शकतात का, याचे उत्तर संतचरित्रांत सापडते. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशेबाचे काम करणारे एकनाथ एका पैची चूक शोधण्यासाठी रात्रभर जागले आणि ती सापडताच आनंदून गेले, अशी कथा आहे. हीच एकाग्रता ईश्वरचिंतनात लाव, असे गुरूंनी त्यांना सांगितले. पुढे पैठणला त्यांनी संसार केला, ग्रंथरचना केली आणि जातिभेद बाजूला ठेवून भुकेल्यांना अन्न दिले. तुकोबांची कथा अधिक बोलकी आहे. सावकारीची खते इंद्रायणीत बुडवण्याआधी धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा हिस्सा त्यांनी वेगळा काढून दिला, असे परंपरा सांगते. स्वतःचे येणे ते सोडू शकत होते. भावाचे सोडण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

त्यातून मिळणारा नियम साधा आहे. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब पैपर्यंत ठेवावा, स्वतःच्या श्रमांचा ठेवू नये. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांना 1950 च्या कायद्याने जमाखर्च लिहिणे आणि त्याचे लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक आहे. हे काम फुकट करणारा खजिनदार देणगीदाराचा विश्वास सांभाळतो. मंदिराच्या पेटीतील दहा रुपये देणाऱ्याच्या दृष्टीने श्रद्धेचे असतात. त्यांची नोंद चुकली, तर पैशाबरोबर भरवसाही जातो. म्हणून अशा माणसाचा काटेकोरपणा हा त्याच्या सेवेचाच भाग मानला पाहिजे. त्याची कसोटीही तिथेच लागते. ‘मी एवढी वर्षे फुकट राबलो’ असे सभेत ऐकवणारा खजिनदार स्वतःचे येणे काढू लागतो आणि त्याच्या सेवेचा व्यवहार होतो. घरातही हाच धोका असतो. मुलांसाठी केलेला त्याग बोलून दाखवणारा बाप त्यांना कर्जदार करून ठेवतो.

अशा माणसाचे स्मरणही याच न्यायाने करायला हवे. श्राद्ध-तर्पणाने कुटुंब आपले कर्तव्य करते. संस्थेचे कर्तव्य शोकठरावाने संपत नाही. त्याच्याकडून जे मिळाले ते त्याला परत करता येणार नाही, ते पुढच्यांनाच द्यावे लागेल. स्वतःला ऋणको समजून त्याने काम केले, हे त्याच्या कौतुकाचे खरे कारण. ज्यांनी त्या कामाचा लाभ घेतला, त्यांच्यापैकी कोणीतरी त्याची वही हाती घ्यावी आणि तितक्याच चोखपणे लिहावी.