खुंटावरचा नंबर

थंडीच्या दिवसांत गडचिरोलीतल्या आलापल्लीची सकाळ धुक्यात उजाडते. सागाच्या लठ्ठ्यांनी भरलेला ट्रक वनोपज तपासणी नाक्यावर येऊन थांबतो. ड्रायव्हर खाली उतरून वाहतूक परवाना पुढे करतो. वनरक्षक बॅटरी घेऊन मागे जातो आणि एकेका लठ्ठ्याच्या तोंडावर उजेड टाकतो. हातोड्याचा शिक्का उमटलाय का, नंबर यादीशी जुळतो का, लांबी आणि गोलाई तीच आहे का, हे बोट ठेवून बघतो. माल कुठून निघाला, कुठे जाणार, कधीपर्यंत पोचणार, सगळं त्या कागदावर असतं. एक लठ्ठा जास्त निघाला तरी गाडी अडते.

तिकडे जंगलात, झाड तोडलं त्या जागी उरलेल्या खुंटावरही नंबर असतो, शिक्का असतो. लाकूड कितीही दूर गेलं तरी त्याचं घर कोणतं, हे खुंट सांगतो.

आमच्या भागातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. पण परवा नाक्यावर उभा असताना मला भद्रावती आठवली. तिथल्या आयुध निर्माणीत तोफगोळे तयार होतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून ही निर्माणी ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीत आहे. तिच्या पगारावर आपल्याकडच्या कितीतरी घरांत चूल पेटते. जीव धोक्यात घालून दारूगोळा हाताळणाऱ्या त्या कामगारांविषयी मनात आदरच आहे. सीमेवरच्या जवानाला गोळा वेळेवर मिळालाच पाहिजे, याबद्दलही दुमत नाही.

आता मात्र आपला देश शस्त्रं विकतोही. २०२४-२५ मध्ये आपली संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. परदेशी जाणाऱ्या दारूगोळ्यालाही परवाना लागतो. तो संरक्षण उत्पादन विभाग देतो, आणि माल कोण, कशासाठी वापरणार, हे खरेदीदाराकडून लिहून घेतलं जातं. म्हणजे गोळ्यालाही नाका आहे. मनाला लागून राहिलेला प्रश्न एवढाच, की त्या नाक्यावरची बॅटरी किती लख्ख पेटते? सागाचा प्रवास संपतो तिथे दार होतं, पलंग होतो. गोळ्याचा प्रवास संपतो तिथे एखाद्याचं दार, एखाद्याचा पलंग राहत नाही.

गाझात लेकरं मरत होती तेव्हा काही माजी सनदी अधिकारी, प्राध्यापक आणि कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले. इस्रायलला शस्त्रं पाठवण्याचे परवाने रद्द करा, नवे देऊ नका, अशी त्यांची मागणी होती. ९ सप्टेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने याचिका फेटाळली. परराष्ट्र धोरण ठरवणं हा सरकारचा अधिकार आहे, त्यात न्यायालयाला शिरता येणार नाही, असं पीठाने सांगितलं. नाक्याचा दांडा कुणाच्या हाती आहे, हे त्यातून स्पष्ट झालं. तो कधी खाली यावा, हा प्रश्न सरकारकडे राहिला, आणि सरकार निवडणारे आपण, म्हणून आपल्याकडेही.

दांडा खाली येऊ शकतो. फेब्रुवारी २००५ मध्ये नेपाळच्या राजाने सगळी सत्ता हातात घेतली. तिथे माओवाद्यांशी लढाई चालू होती, शेजारधर्म होता, जुना व्यवहार होता. तरी भारताने त्या वेळी लष्करी मदत रोखली.

शस्त्र कुणाच्या हाती जातं हे बघण्याचं मोल गडचिरोलीला शिकवावं लागत नाही. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. त्यांत एके-४७ होत्या आणि इन्सासही होत्या. इन्सास म्हणजे आपल्याच सरकारी कारखान्यांतली, आपल्याच जवानांसाठी घडवलेली रायफल. ती जंगलात जाऊन आपल्यावरच रोखली गेली. बंदूक मालक बदलते, कागदावरचं नाव तिला बांधून ठेवू शकत नाही. म्हणूनच ती देताना, कागद पुरा झाला म्हणून हात झटकून भागत नाही. घेणारा आज काय करतो आहे, हे बघावं लागतं. त्याच्या गोळ्याखाली वस्त्या, दवाखाने, शाळा येत असतील, तर सौदा कितीही मोठा असो, गाडी अडवावी लागते.

दारूगोळ्यावरही लॉट नंबर असतो. उद्या दूरच्या कुठल्या गावात ढिगारा उपसताना एखाद्या आईच्या हाती पत्र्याचा तुकडा लागेल आणि त्यावरचा नंबर वाचत कुणी मागे मागे येत जाईल. तो माग आपल्या खुंटापाशी येऊन थांबू नये, एवढी काळजी घेणं आपल्या हातात आहे. एका सागाच्या लठ्ठ्यासाठी आपण ती रोज पहाटे घेतो.