पोथी खरी कशावरून?

मंगळवेढ्याचं नाव निघालं की ज्वारी आठवते, आणि तिच्या पाठोपाठ दामाजीपंत. दुष्काळात सरकारी कोठारं उघडून लोकांना जगवणाऱ्या दामाजीपंतांची गोष्ट महाराष्ट्रभर ठाऊक आहे. या गावाच्या आणखी एका वारशाबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. हा ग्रंथ देवाचा, म्हणून तो खरा, म्हणून त्याच्यापुढे मान झुकवा, असं सांगणाऱ्यांना इथल्या माणसांनी उलट प्रश्न विचारला. आणि तो परक्यांच्या ग्रंथाबद्दल नव्हता. ज्या ग्रंथांच्या अमलाखाली ते जन्मले, वाढले, राबले, त्यांनाच त्यांनी जाब विचारला. हा फरक लक्षात ठेवायला हवा. एकोणिसाव्या शतकात बायबल मराठीत आलं आणि ग्रंथप्रामाण्याचा वाद पेटला, तेव्हा भल्याभल्या वादपटूंना नेमकं हेच जमलं नाही.

बाराव्या शतकात मंगळवेढा हे कलचुरींच्या सत्तेचं ठाणं होतं. बिज्जलाच्या पदरी हिशेबाच्या कामावर बसवेश्वर लागले ते इथेच, असं परंपरा सांगते. बिज्जल कल्याणच्या गादीवर आल्यावर तेही तिकडे गेले. जन्म ब्राह्मणाच्या घरातला. मुंज त्यांनी नाकारली, असं त्यांची चरित्रं सांगतात. म्हणजे वेद शिकण्याचं दार त्यांना उघडं होतं, तरी ते त्यातून आत गेले नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, कसोटी मानली ती स्वतःच्या अनुभवाची आणि कष्टाची. वचनं रचली ती लोकांच्या कन्नडमध्ये. चांभार, नावाडी, दोरखंड वळणारे, बायका अशा सगळ्यांची वचनं बसवेश्वरांच्या वचनांशेजारी त्याच मानाने ठेवली गेली. त्यांत वेद, शास्त्रं आणि आगमांच्या अधिकारावर उघड घाव आहेत. पुढे कल्याणात हरळय्या या चांभार शरणाच्या मुलाचं लग्न मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी लागलं आणि दोन्ही बापांना देहदंड झाला. ग्रंथाला नकार देण्याची किंमत किती पडते हे तिथे सगळ्यांना दिसलं.

मंगळवेढ्याच्याच संत चोखामेळा ऊर्फ चोखोबांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. अस्पृश्य ठरवलेल्या जातीत त्यांचा जन्म. त्यांच्यासमोर पोथी उघडलीच जाणार नव्हती. विठ्ठलाचं देऊळ जवळच पंढरपूरला, पण आत पाऊल टाकायची मनाई. अशा माणसाने ग्रंथाची चिकित्सा करायची ती कशी? चोखोबांनी ती विटाळाच्या कल्पनेला हात घालून केली. देह विटाळातून जन्मतो, तर देहधारी कोणीच त्यातून सुटत नाही. मग वेदही विटाळलेले, शास्त्रंही, पुराणंही, आणि ब्रह्मा-विष्णू-महेशही. त्यांच्या पत्नी सोयराबाई यांनी हाच धागा बाईच्या अनुभवातून आणखी ताणला. हा युक्तिवाद पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. त्यात एकाही ऋचेचा संदर्भ नाही, भाष्यांचा कीस नाही. ग्रंथाच्या आधाराने उभा राहिलेला एक नियम घेतला आणि तो त्या ग्रंथालाच लावून पाहिला, इतकंच.

त्यांचा मुलगा कर्ममेळा याने तर थेट देवालाच जाब विचारला. चोखोबा मात्र काही अभंगांत आपल्या जन्माचं कारण पूर्वकर्मात शोधतात, आणि हे सांगितलं नाही तर त्यांचं चित्र खोटं होईल. विसाव्या शतकातल्या तरुण दलित पिढीला त्यांच्याबद्दल दुरावा वाटला तो यामुळेच. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचं बांधकाम सुरू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली मजुरांसोबत चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली.

यानंतर जवळजवळ पाचशे वर्षांनी बायबल मराठी माणसाच्या हाती आलं. त्याआधी गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापलं होतं; सुंदर मराठी ओव्यांतलं बायबलचं कथन. पण तो इन्क्विझिशनचा मुलूख होता, तिथे त्या कथेला प्रश्न विचारायची सोय नव्हती. १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी मत्तयचं शुभवर्तमान मराठीत छापलं, १८११ मध्ये नवा करार. मग मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना आला, शाळा आल्या, बाजारात पुस्तिका वाटल्या जाऊ लागल्या. धर्मग्रंथ कोणीही हातात घ्यावा, वाचावा, आपलं मत बनवावं, ही गोष्टच नवी होती. ज्या समाजात वेद ऐकण्यालाही मर्यादा होत्या तिथे हे किती मोठं होतं, ते आज सहज ध्यानात येत नाही. मिशनऱ्यांचं ऋण इथे मोकळेपणाने मानलं पाहिजे.

पण ग्रंथ सगळ्यांच्या हाती गेला की तो तपासणंही सगळ्यांच्या हाती जातं. १८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी हिंदू पंडितांशी जाहीर वाद घातले. मोरभट्ट दांडेकरांनी हिंदुधर्माच्या बाजूने पुस्तक लिहिलं, त्यावर विल्सन यांनी १८३२ मध्ये खंडनाचा ग्रंथ छापला. पुराणांतल्या कथा एकमेकींशी जुळत नाहीत, त्यांतला भूगोल चुकीचा, देवांची वागणूक नीतीला धरून नाही, असं त्यांच्या टीकेचं स्वरूप होतं. मराठी वाचकाने ही रीत लगेच उचलली. मत्तय आणि लूक यांनी दिलेल्या येशूच्या वंशावळी जुळत नाहीत, हे कळायला शास्त्री व्हावं लागत नाही. दोन्ही पानं समोर ठेवली की पुरे.

१८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मिशनऱ्यांशी दर आठवड्याला वाद केला. गर्दी लोटत असे. समोर जॉर्ज बोवेन होते, तरुणपणी स्वतः नास्तिक असलेले आणि नंतर श्रद्धेकडे वळलेले अमेरिकन मिशनरी. त्यांनीच हे वाद इंग्रजीत प्रसिद्ध केले. विष्णुबुवा बुद्धिमान, हजरजबाबी आणि निर्भय. राज्यातल्या संपत्तीवर सगळ्यांचा सारखा हक्क सांगणारा निबंध पुढे १८६७ मध्ये त्यांनी लिहिला, यावरून त्यांची झेप कळते. पण ग्रंथप्रामाण्याच्या बाबतीत ते अर्ध्या वाटेवर थांबले. बायबलला त्यांनी तर्काची कसोटी लावली आणि दोन वर्षांनी ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ लिहून वेदांना तिच्यातून सूट दिली. विल्सन यांनी पुराणांना लावलेली मोजपट्टी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाला लावली नाही, तसंच हे. दोघेही प्रामाणिक होते, दोघांच्या हाती तेच हत्यार होतं आणि दोघांनीही ते फक्त समोरच्यावर चालवलं.

आपल्याच ग्रंथावर ते चालवणारा एक बिशप त्याच सुमारास आफ्रिकेत होता. तिथल्या नाताळ वसाहतीचे बिशप जॉन कोलेन्सो जुन्या कराराचं झुलू भाषांतर करत होते. त्यांचा झुलू साहाय्यक विल्यम न्गिदी याने प्रलयाच्या कथेपाशी थांबून विचारलं, हे सगळं खरोखर घडलं का? एवढे प्राणी दोन-दोन करून नावेत आले, त्यांच्यासाठी अन्न गोळा केलं? कोलेन्सोंना ‘हो’ म्हणवेना. अंकगणिताची पाठ्यपुस्तकं लिहिणारा हा माणूस मग आकडे मांडत बसला. इजिप्तमधून निघालेल्या इस्राएली लोकांचे सहा लाख लढवय्ये म्हणजे बायकामुलांसह किती लोक, ते वाळवंटात मावले कसे, निवासमंडपाच्या दारापाशी उभे राहिले कसे? १८६२ पासून त्यांचे ग्रंथ निघू लागले आणि चर्चने त्यांना बहिष्कृत केलं. श्रद्धा सोडायची त्यांची इच्छा नव्हती. खोटं सांगायची तयारी नव्हती, एवढाच त्यांचा गुन्हा. ज्याला शिकवायला गेले त्याचाच प्रश्न त्यांनी मनावर घेतला, म्हणून हा बिशप मंगळवेढ्याच्या परंपरेशेजारी बसवावासा वाटतो.

तेव्हापासून बायबलच्या पाठाचा अभ्यास खुद्द ख्रिस्ती विद्वानांनीच फार पुढे नेला. मार्कच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या बारा ओळी सिनाई आणि व्हॅटिकन या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत नाहीत. व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीची योहानातली विलक्षण कथाही जुन्या प्रतींत सापडत नाही. नव्या कराराच्या सत्तावीस पुस्तकांची आज मान्य असलेली यादी प्रथम बिशप अथनेशियसच्या ३६७ मधल्या पत्रात दिसते. ही माहिती श्रद्धेच्या शत्रूंनी पसरवलेली नाही. आधुनिक बायबलांच्या तळटिपांत तिच्यातलं बरंचसं छापलेलं असतं.

महाराष्ट्रात सगळ्या ग्रंथांना एकच माप लावायचं धाडस तर्खडकर बंधूंच्या वर्तुळात झालं. दादोबा पांडुरंगांच्या प्रेरणेने १८४९ मध्ये सुरू झालेली परमहंस सभा गुप्त होती, तिचा गवगवा होताच ती विरली. पण १८६७ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थनासमाज उभा राहिला आणि कोणताही एक ग्रंथ साक्षात ईश्वराने रचलेला नाही, कोणताही निर्दोष नाही, हे त्याने तत्त्व म्हणून जाहीर केलं. वेद, कुराण, बायबल, सगळे एका रांगेत. हाच समाज १८७५ मध्ये पंढरपुरात अनाथ मुलांचा आश्रम काढतो, तेव्हा त्या तत्त्वाला हातपाय फुटलेले दिसतात. तरी समाज शिकलेल्या मोजक्या लोकांपुरता राहिला, हेही खरं.

जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मिशनऱ्यांच्या शाळांबद्दल त्यांना आयुष्यभर आदर होता. इतकं असून ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त प्रत्येक धर्मग्रंथात काही सत्य आहे आणि संपूर्ण सत्य एकातही नाही, अशी भूमिका आहे. त्याच पुस्तकात त्यांनी एका कुटुंबाची कल्पना मांडली: आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका घरात प्रेमाने राहणारे. ग्रंथाच्या सत्यतेवर एवढा रक्तपात झालेल्या जगात याहून शहाणं चित्र क्वचितच कोणी काढलं असेल.

पंडिता रमाबाईंचा मार्ग सर्वांत अवघड. हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या या विदुषीने धर्मशास्त्रं मुळातून वाचली आणि इतर सगळ्या बाबतींत भांडणारे ग्रंथ स्त्रिया आणि शूद्रांना खाली ठेवण्यावर मात्र एकमत करतात, असा निष्कर्ष काढला. चोखोबांना जे दाराबाहेर उभं राहून दिसलं तेच त्यांना पोथीच्या आत दिसलं. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लगेचच तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि शिक्षणतज्ज्ञ डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा पत्रातून झगडा सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धान्त बायबलमध्ये कुठे आहे? कुमारीजन्म मी का मानावा? पुरोहितांचं एक जोखड महत्प्रयासाने उतरवलं, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असा त्या पत्रांचा सूर आहे. पुढे बायबलवरची त्यांची निष्ठा गाढ झाली आणि त्याच्या अधिकारावर त्यांनी शंका घेतली नाही. मात्र त्याचा अर्थ दुसऱ्याने सांगावा हे त्यांना कधीच रुचलं नाही. पुणे-सोलापूर रेल्वेवरच्या केडगावात त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी केलं आणि १९२२ मध्ये ते संपवूनच डोळे मिटले. त्यांनीच उभारलेल्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी त्याची छपाई केली.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली आणि १९३६ मध्ये ‘जातिसंस्थेचं उच्चाटन’ या न झालेल्या भाषणात शास्त्रांच्या पावित्र्यावरचा विश्वासच संपवा, असं सांगितलं. धर्मांतराची घोषणा झालेली होती, मिशनरी आशेने पाहत होते. १९३८ च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती बांधवांसमोर ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला मोहून टाकलं, असं त्यांनी सांगितलं आणि पुढे श्रोत्यांना विचारलं की सामाजिक अन्यायाविरुद्ध तुमचा समाज लढला का? दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते तिचं काय? बायबलमधल्या वंशावळींना त्यांनी हातही लावला नाही. मंगळवेढ्यापासून फार लांब नसलेल्या त्या सभेत ग्रंथाला विचारला गेलेला प्रश्न चोखोबांचाच होता: तुझ्या दारात उभ्या असलेल्या माणसाचं तू काय केलंस?

दहा वर्षांनी अस्पृश्यांवरचा आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. १९५६ मध्ये त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५७ मध्ये, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ प्रसिद्ध झाला. त्याच्या सुरुवातीलाच त्यांनी स्वतः निवडलेल्या परंपरेच्या ग्रंथांवर प्रश्न मांडले आहेत. म्हातारा, रोगी आणि प्रेत पहिल्यांदा पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही कथा बुद्धीला पटते का? चार आर्यसत्यं मूळ बुद्धाचीच की भिक्षूंनी नंतर घातलेली? बुद्धाच्या नावावर असलेलं कोणतंही वचन विवेकाला आणि माणसाच्या कल्याणाला धरून नसेल तर ते बुद्धाचं मानू नये, असं माप त्यांनी त्या ग्रंथात ठरवून दिलं आणि त्याच मापाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कथा बाजूला ठेवून नवं चरित्र लिहिलं.